चाटू कोरायचा चाकू : घडीचा घ्यावा, पण पारखून

हातावर पोट असणाऱ्या माणसाची खरी इस्टेट म्हणजे त्याची दहा बोटे. ऊसतोडीला जाणारा असो, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा असो, की कळंबच्या मोंढ्यात पोती उचलणारा असो. एक बोट खोल कापले की आठ-दहा दिवसांची रोजी बुडते. म्हणून आज आम्ही ज्या वस्तूबद्दल लिहीत आहोत ती खिशात मावणारी असली, तरी तिची निवड ही किरकोळ बाब नव्हे. ती वस्तू म्हणजे लाकडी चाटू, पळ्या आणि उलथणी कोरण्यासाठी लागणारा घडीचा चाकू.

चाटू आपल्या घराला नवा नाही. पिठले घोटायला, आंबील ढवळायला, भात परतायला लाकडी चाटूसारखे साधन नाही. तो हाताला चटका देत नाही, जर्मनच्या पातेल्याला ओरखडे पाडत नाही आणि तळाशी लागलेले अलगद सोडवतो. बाजारातला चाटू पुष्कळदा चकचकीत रोगण लावलेला असतो. ते रोगण गरम कालवणात उतरते की काय, ही शंका आमच्या भगिनींना येते ती चुकीची नाही. घरी केलेल्या चाटूला लाकूड बांधावरचे, मेहनत आपली. खर्च असतो तो एका चाकूचा.

गावगाड्यात लाकडाचे काम सुताराचे, लोखंडाचे लोहाराचे, आणि आपल्या वाट्याला काय होते ते सांगण्याची गरज नाही. जातीने माणसाला स्वतःचा धंदा निवडूच दिला नाही, आवड आणि कुवत यांना तिथे जागाच नव्हती, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या न झालेल्या भाषणासाठी मांडून ठेवले. जगात दुसरीकडे मात्र हेच लाकूडकाम सगळ्यांच्या मुलांना शाळेत शिकवले गेले. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस या शिक्षणतज्ज्ञाच्या पुढाकाराने १८६६ साली ग्रामीण शाळांत हस्तकाम हा विषय आला. स्वीडनमध्ये नेस या गावी ओटो सालोमन यांनी १८७० च्या दशकात शिक्षकांना हे काम शिकवण्याची शाळा काढली. ‘स्लॉइड’ या नावाने ही पद्धत जगभर गेली. तिच्यात मुलाच्या हाती सुरुवातीलाच चाकू येई, आणि अंगमेहनतीबद्दल आदर वाटावा हा तिचा एक उघड हेतू होता. हत्यार जन्माने हातात येणे वेगळे आणि आपण निवडून हातात घेणे वेगळे. निवडूनच घ्यायचे, तर पारखून घ्यावे.

घडीचाच का?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्याला घरीच बसून चाटू कोरायचा आहे, त्याने घडीचा चाकू घेऊ नये. न मिटणाऱ्या पात्याचा, म्यानात ठेवायचा लहान चाकू घ्यावा. तो मजबूत असतो, त्यात बिजागरी नाही, त्यामुळे बिघडण्यासारखे काही नाही आणि बोटावर मिटण्याची भीती तर मुळीच नाही. स्वीडनमधील मोरा या गावाच्या नावाने ओळखले जाणारे असे साधे चाकू जगभर चाटू कोरणारे वापरतात. आपल्याकडे चांगला लोहार तसले पाते करून देऊ शकतो.

मग घडीचा चाकू कोणासाठी? जो माणूस एका जागी राहत नाही त्याच्यासाठी. दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्याच्या फडावर जाणारे कुटुंब, पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जाणारा तरुण, रानात राखणीला बसणारा म्हातारा, यांना गाठोड्यात उघडे पाते नेणे धोक्याचे असते. कोपीत लहान मुले असतात, कपड्यांत हात घालताना पाते लागू शकते. पाते मुठीत मिटून ठेवता येते, हा घडीच्या चाकूचा एकमेव मोठा गुण. आणि तोच त्याचा दोषही आहे. जे मिटते ते नको तेव्हाही मिटू शकते.

पाते बोटावर का मिटते?

हे समजून घेतले की निवड निम्मी सोपी होते. साधी भाजी चिरताना जोर धारेच्या बाजूने येतो. तो जोर पात्याला आणखी उघडतो, मिटवत नाही. म्हणून तोच चाकू कांदा चिरताना वर्षानुवर्षे दगा देत नाही. लाकूड कोरताना तीन वेळा उलटे घडते.

पहिली वेळ, टोक लाकडात खुपसताना. दुसरी, पाते लाकडात अडकते आणि आपण ते हलवून मागे ओढतो तेव्हा. तिसरी आणि सर्वांत वाईट, अंगठ्याने पात्याच्या पाठीवर दाब देऊन बारीक छिलके काढताना. लाकडातली गाठ संपते, पाते एकाएकी सुटते, अंगठा मात्र पाठीवर दाब देतच राहतो. समोर लाकडाचा अडसर उरलेला नसतो. अशा वेळी पाते थेट मुठीवरच्या चार बोटांवर येते.

तेव्हा चाटू कोरण्यासाठी घडीचा चाकू घेताना पहिला प्रश्न पोलाद कोणते, कंपनी कोणती, हा नाही. पहिला प्रश्न एकच : उघडलेले पाते जागच्या जागी अडकून बसते का?

अडकवण्याचे प्रकार

बाजारातल्या स्वस्त चाकूंत बहुधा नुसती पाठीची स्प्रिंग असते. उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो आणि पाते सरळ राहते, त्यामुळे ते अडकले असे वाटते. पण ते अडकलेले नसते, स्प्रिंगने फक्त धरलेले असते. पाठीवर जोर आला की मिटते. फळ कापायला तो ठीक, लाकडाला नको.

दुसऱ्या प्रकारात मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी येते आणि त्याला अडसर घालते. मिटवायचे तर ती पट्टी अंगठ्याने बाजूला करावी लागते. तिसऱ्यात मुठीच्या पाठीवर दाबायची खुट्टी असते. ती दाबल्याशिवाय पाते हलत नाही. हे दोन्ही प्रकार कामाचे, मात्र पट्टी जाड असावी आणि खुट्टीच्या खाचेत माती किंवा भुसा साठू देऊ नये. खाच भरली की अडसर अर्धवटच बसतो.

चौथा प्रकार आम्हाला साधेपणामुळे सर्वांत आवडतो, तो फिरत्या कडीचा. फ्रान्सच्या सव्हॉय या डोंगरी भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली शेतकरी-मजुरांसाठी लाकडी मुठीचा घडीचा चाकू केला. १९५५ साली त्याच्या मुठीच्या तोंडाशी एक पोलादी कडी बसवण्यात आली. पाते उघडून कडी फिरवली की मिटण्याची वाटच बंद होते. आताच्या चाकूंत हीच कडी मिटलेल्या पात्यालाही अडकवते, म्हणजे खिशातही तो उघडत नाही. चाटू कोरणाऱ्यांत त्याचा ८ नंबर बराच चालतो. त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे सव्वातीन इंचांच्या आसपास असते. तो कळंबच्या दुकानात मिळेलच असे धरू नये, मोबाइलवरून मागवावा लागेल. त्याची एक खोड : मूठ लाकडाची असल्याने पावसाळ्यात फुगते आणि पाते उघडायला जड जाते. ऊन देऊन वाळवले की पूर्ववत होते.

पाते कसे असावे?

लांबी अडीच ते साडेतीन इंच पुरते. लांब पाते रुबाबदार दिसते, पण टोक हातापासून दूर गेले की ताबा सुटतो. जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास असावी. जाड पाते लाकूड कापत नाही, पाचरीसारखे फाडते. धारेची रेघ सरळ किंवा अगदी थोडी बाकदार असावी. करवतीसारखे दात असलेले पाते चाटूला निरुपयोगी. पात्याची पाठ गुळगुळीत असावी, कारण तिथे आपला अंगठा टेकणार आहे.

पोलाद दोन जातींचे. साध्या कार्बन पोलादाला धार लवकर आणि चांगली लागते, पण गंज चढतो. चिंच, लिंबू कापून तसेच ठेवले तर रात्रीत काळे पडते. स्टेनलेस पोलाद गंजाला दाद देत नाही, मात्र हलक्या स्टेनलेसची धार टिकत नाही. ज्याला पुसून तेलाचे बोट लावायची सवय आहे त्याने कार्बन घ्यावे, नाही त्याने चांगले स्टेनलेस घ्यावे. काही दुकानदार लोहचुंबक लावून ‘अस्सल पोलाद’ दाखवतात. त्याला भुलू नये. चाकूचे बहुतेक स्टेनलेसही चुंबकाला चिकटतेच.

मूठ आणि वळण

मूठ तळव्यात भरली पाहिजे. बोटांसाठी खाचा पाडलेली मूठ हातात घेताच छान वाटते, पण चाटू कोरताना चाकू पाच प्रकारे धरावा लागतो आणि प्रत्येक वेळी त्या खाचा चुकीच्या जागी येतात. खिशाला अडकवायची क्लिप, उंच खिळे, धारदार कडा यांनी अर्ध्या तासात फोड येतो. गोलसर, साधी, न घसरणारी मूठ उत्तम.

शेती औषधांच्या दुकानात कलम करण्याचा, डोळा भरण्याचा घडीचा चाकू मिळतो. आंबा, द्राक्षाच्या बागेत काम केलेल्यांना तो माहीत आहे. त्याचे पाते लहान, सरळ, पातळ आणि तीक्ष्ण असते, त्यामुळे बारीक कामाला तो फार छान. पण दोन गोष्टी पाहाव्यात. बहुतेक कलमचाकूंत अडसर नसतो, नुसती स्प्रिंग असते. आणि पुष्कळांची धार एकाच बाजूने काढलेली असते, ती उजव्या हाताच्या माणसासाठी. घरात डावखुरे कोणी असेल तर त्याच्या हाती असा चाकू वाकडाच चालेल. कलमचाकू घरात असेलच तर शेवटची सफाई करायला वापरावा, टोक खुपसू नये.

राहिला रामपुरी. उत्तर प्रदेशातील रामपूरच्या कारागिरांचे हे काम, पण सिनेमाने त्याला गुंडाच्या हातात देऊन बदनाम केले. झटक्यासरशी उघडणारे लांब, टोकदार पाते चाटूला उपयोगाचे नाही. तरुण मुलांना त्याचे आकर्षण वाटते म्हणून मुद्दाम सांगतो : कामाचा चाकू सावकाश उघडतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

दुकानातल्या पाच परीक्षा

चाकू विकत घेण्याआधी एवढे करावे.

एक, पाते पूर्ण उघडून अडसर लावावा आणि पाते चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवावे. खडखडले तर बिजागरी ढिली आहे.

दोन, मूठ वरच्या बाजूने धरून, बोटे पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशी ठेवून, पात्याची पाठ लाकडी फळीवर हळूहळू दाबावी. पाते जरा जरी मिटू लागले तरी तो चाकू परत द्यावा.

तीन, मिटलेला चाकू उलटा धरून हलवावा. आपोआप उघडता कामा नये.

चार, मूठ जोरात आवळून शंभरपर्यंत आकडे मोजावेत. कुठे टोचते ते कळते.

पाच, पाते डोळ्यासमोर सरळ धरून धारेची रेघ पाहावी. ती मध्यभागी आणि सरळ असावी.

चाकूचे काम किती, आणि कुठे संपते?

घडीच्या चाकूने अख्ख्या ओंडक्याचा चाटू काढू पाहणे म्हणजे सुईने विहीर खणणे. आधी फांदी कुऱ्हाडीने किंवा कोयत्याने उभी फाडावी, मधला गाभा टाकून द्यावा, कारण गाभ्यापासूनच तडे जातात. मग आकार वाकसाने किंवा कोयत्याने ढोबळ उतरवून घ्यावा. चाकूचे काम त्यानंतर.

पळीची वाटी खोल करणे सरळ पात्याने होत नाही. त्याला वाकड्या पात्याचा चाकू किंवा गोल तोंडाची पटाशी लागते. म्हणून पहिले काम सपाट चाटूचे किंवा उलथण्याचे करावे. त्यात वाटी नाही, आणि पिठले घोटायला तोच लागतो.

लाकूड ओले असताना कोरावे. वाळलेली बाभूळ चाकूला आणि मनगटाला दोघांना थकवते. मांजरेकाठच्या शिवारात सुबाभूळ, कडुनिंब, आंबा, तुती यांच्या फांद्या छाटणीत सहज मिळतात. ओल्या कडुनिंबाला वास असतो, तो वाळल्यावर कमी होतो. कण्हेर विषारी आहे, तिला हात लावू नये. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, तेही लाकूड नको. कोरलेला चाटू मराठवाड्याच्या उन्हात ठेवला तर हमखास फाटतो. त्याच्याच छिलक्यांत घालून पोत्यात, सावलीत आठ-दहा दिवस ठेवावा. मग जवसाचे किंवा करडईचे खायचे तेल चोळावे. जवसाचे तेल हवेत हळूहळू वाळते आणि लाकडावर साय धरते, करडईचेही काही प्रमाणात तसेच. रंगाच्या दुकानातले उकळलेले अळशीचे तेल मात्र स्वयंपाकाच्या वस्तूला लावू नये, त्यात वाळवणारी रसायने मिसळलेली असू शकतात.

धार आणि बैठक

बोथट चाकू जास्त कापतो, लाकूड नव्हे, माणसाला. धार नसली की जोर वाढतो, आणि जोर वाढला की ताबा जातो. कोयत्याला लावतो ती कानस या पातळ पात्याला लावू नये. बारीक दगड पाण्याने ओला करून त्यावर पाते एकाच कोनात दोन्ही बाजूंनी सारखे फिरवावे. दगड नसेल तर काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर चिकटवावा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागच्या दिशेने ओढावी, न्हावी वस्तरा ओढतो तशी. जत्रेतल्या फिरत्या चाकावर धार लावून घेताना पाते तापून निळे पडले, तर तिथले पोलाद मऊ झाले असे समजावे. पुढे धार टिकणार नाही.

कोरताना मांडीवर लाकूड ठेवून मांडीकडे कापू नये. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. कोपरे गुडघ्यांवर टेकवून हात गुडघ्यांच्या पुढे आणावेत. हात लांब करून चाकू जिथवर पोहोचतो तिथवर लहान मूल असू नये. दहा-बारा वर्षांच्या मुला-मुलीला शिकवायचे असेल तर मोठ्या माणसाने शेजारी बसूनच शिकवावे, आणि मुलीला वगळू नये.

कापलेच तर स्वच्छ फडके घट्ट दाबून हात वर धरावा. हळद, चहाची पूड, विडीचा कागद यातले काहीही जखमेत भरू नये. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा बोट हलत नसेल तर लगेच सरकारी दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

खिशातला चाकू आणि कायदा

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील २०१६ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची हत्यारे येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि उद्योगाच्या कामासाठी बनवलेली वगळली आहेत. आपला तीन इंची चाकू त्या मापात बसत नाही. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सणवार, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात मनाई आदेश निघतो, आणि त्या काळात चाकूच काय, काठी बाळगण्यालाही बंदी असू शकते. वस्तीतल्या पोरांची झडती आधी होते, हे आम्ही नव्याने सांगायला नको.

तेव्हा नियम साधा ठेवावा. जयंतीच्या मिरवणुकीत, सभेत, जत्रेत, बाजारच्या गर्दीत चाकू खिशात नको. प्रवासात तो मिटवून, फडक्यात गुंडाळून, अर्धवट कोरलेल्या चाटूसोबत पिशवीच्या तळाशी ठेवावा. भांडणात तो काढून दाखवणे म्हणजे कामाच्या हत्याराचा आणि स्वतःच्या घराचा घात करणे होय.

वाचकहो, चाकू महाग असला म्हणजे चांगला असतो असे नाही आणि स्वस्त असला म्हणजे वाईट असतो असेही नाही. दुकानात गेलात की उघडा, अडसर लावा, बोटे बाजूला ठेवून पाठीवर दाब द्या. मिटला, तर दुकानदाराने कितीही किंमत उतरवली तरी तो तिथेच ठेवून या.